निंबावरची एकतारी

तिमाबाला ग्रंथातलं एक अक्षर गाळलेलं खपायचं नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा उमरग्याहून सायकल मारत यायचे, घामाघूम व्हायचे, आणि घाईत एखादी ओळ सुटली की मागून तिमाबाचं खाकरणं ठरलेलं. बिचारे पाळक निमूट मागं जाऊन ती ओळ वाचायचे. बाप्तिस्म्याचं नाव तीमथ्य, पण सास्तूरच्या अंगाच्या त्या चिमुकल्या गावात तीमथ्य म्हणायला कुणाची जीभ वळते! बसप्पा वाण्यापासून गुराख्यांपर्यंत सगळ्यांचा तो तिमाबाच.

पाळक नसतील त्या रविवारी उपासना तोच चालवी. बापाच्या हातची एकतारी मांडीवर घ्यायची, डोळे मिटायचे, आणि दाविदाचं स्तोत्र आपल्या चालीत सोडून द्यायचं. काय गळा होता म्हणून सांगावं! रस्त्यानं जाणारी बिगर ख्रिस्ती माणसंही दारात टेकायची. आणि गाणं काय रविवारपुरतं थोडंच होतं? मोट हाकताना तहानलेल्या हरणीचं स्तोत्र, पेरणीला रडत पेरून हसत कापणाऱ्यांचं, मयताच्या घरी मेंढपाळाचं. त्याची बायको सुवार्ता, तिला अक्षर येत नव्हतं, पण भाकरी थापता थापता निम्मी स्तोत्रं तिला पाठ झाली होती.

प्रार्थनाघराच्या भिंतीला भिंत लागून लाडलेसाब पिंजाऱ्याचं घर. दिवसभर त्याच्या धनुकलीची तात, आतड्याची ती जाड दोरी, टुंग टुंग वाजायची, कापूस उडायचा. तिमाबाची लेक एस्तेर, म्हणजे इस्तू, आणि लाडलेसाबची नात जैनबी, दोघी एका वयाच्या. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात उड्या मारायच्या आणि पांढऱ्या भुतांसारख्या घरी यायच्या.

"लाडलेसाब, तुझी तात बेसूर झालीय बघ," तिमाबा भिंतीवरून चिडवायचा.

"अरे तिमाभाई, मेरी तात से गादी बनती. तुम्हारी तार से क्या बनता?" आतून उत्तर यायचं. सुवार्ता पदर तोंडाला लावून हसायची. भले दिवस होते ते, पण भल्या दिवसांना आपण भले आहोत हे कुठं ठाऊक असतं?

एका रविवारी बाबेलच्या नदीकाठी रडणाऱ्या बंदिवानांचं स्तोत्र झालं. शत्रू म्हणतात गा, आणि हे म्हणतात परक्या मुलखात देवाचं गाणं गावं कसं, आणि आपल्या वीणा वाळुंजाच्या झाडाला टांगून बसतात. घरी जेवताना सुवार्तानं विचारलं, "अवो, समदं चांगलंय. पर शेवटी त्या वैऱ्याची लेकरं दगडावर आपटायचं काय म्हणता? लेकरांचा काय गुन्हा?"

"ग्रंथात हाय. आपुन कोण गाळणार?"

"मग मी तिथं तोंड मिटून घेत जाईन."

"मीट. आंबट वाढ."

आणि मग ते अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य डुगडुगायला लागलं, रझाकारांचा धुडगूस सुरू झाला. वैशाखात शेजारच्या खेड्याची गंजी पेटलेली दिसली. जाळ अंगावर यायच्या आत गावानं गाड्या जुंपल्या. इंग्रज जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी लोक सोलापूरकडच्या हद्दीला इंग्रजी हद्दच म्हणायचे. तिकडं निर्वासितांची छावणी होती म्हणे.

सुवार्तानं गाडीत पीठ भरलं, गोधड्या भरल्या, इस्तूला वर बसवलं. नवरा कुठाय म्हणून बघते, तर हा प्रार्थनाघरापुढच्या निंबावर! फांदीला एकतारी बांधतोय.

"अवो, येड लागलं का तुमाला?"

"परक्या मुलखात गाणं नसतं, सुवार्ता. त्यांनी वाळुंजाला टांगल्या. आपल्याकडं वाळुंज न्हाय, निंब हाय."

"त्यांनी टांगल्या, त्यांच्यावर मिरगाचा पाऊस पडला व्हता का? बापाची वस्तू हाय ती!"

"देव राखंल," म्हणाला आणि उतरून कासरा हातात घेतला. सुवार्ता वेस ओलांडेपर्यंत त्याला बोल लावत होती. लाडलेसाब आपल्या दारात उभा होता. त्याला कुणी चल म्हटलं नाही, आणि तोही येतो म्हणाला नाही. जैनबी तेवढी गाडीमागं थोडी पळाली.

छावणीत पावसाळा गेला. चिखल, माशा, आणि मग पटकी. तीन दिवसांत इस्तू गेली. ज्यानं गावातल्या प्रत्येक मयतावर मेंढपाळाचं स्तोत्र म्हटलं, त्यानं पोटच्या पोरीला माती दिली ती तोंडातून शब्द न काढता. सुवार्ता म्हणाली, "म्हणा की वं. आपलीच हाय." तो म्हणाला, "गाणं गावाकडं टांगून आलोय."

त्यानंतर तो बोलायला लागला, पण काय बोलायचा? त्या बंदिवानांच्या स्तोत्राचं शेवटचं कडवं, वैऱ्याच्या लेकरांचं. एवढंच, दिवसभर, दात चावून. छावणीत बब्रुवान नावाचा गावातलाच एक तरणा कुणबी होता. शेजारच्या त्या पेटलेल्या खेड्यात पाहुण्याकडं बांधलेली त्याची बैलजोडी दावणीलाच जळाली होती. त्यानं अर्थ विचारला, आणि ऐकून मांडीवर थाप मारली. "बाबा, असलं गाणं पायजे! गावात गेल्यावर ह्येच म्हणा, मग आमी बघतो."

सुवार्ताला धडकी भरली. लेक गेली ती गेली, पण ह्या माणसाच्या छातीत जे गात होतं तेही गेलं की काय? रोज रात्री ती एवढंच मागायची: देवा, मला माझा गाणारा नवरा परत दे. दुसरं काही देऊ नको.

पोलीस ॲक्शन झालं, निजाम नमला, आणि आश्विनात गाड्या परत फिरल्या. गाव अर्धं जळकं होतं. प्रार्थनाघराचे पत्रे गेले होते, भिंती होत्या. तिमाबा गाडी थांबायच्या आत उतरून निंबाकडं धावला. फांदीला नुसती दोरी.

"पिंजाऱ्यानं नेली," बब्रुवान म्हणाला. "त्यो रझाकारांत मिळाला व्हता." कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. लाडलेसाबचं दार बंद होतं, आणि धनुकलीचा आवाज नव्हता.

रविवारी बिनछताच्या प्रार्थनाघरात सुखरूप परतल्याच्या उपकारस्तुतीला अख्खं गाव लोटलं. बसप्पा वाणी आला, बाया आल्या, आणि बब्रुवान चार पोरं घेऊन आला. खांद्यावर कुऱ्हाडी. "बाबा, त्ये म्हणा. एकतारी नसली तर नसली. तुमी शेवटचं म्हणा, तवर आमी शेजारी जाऊन येतो."

सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळल्या.  नवऱ्याचं तोंड सुवार्तानं पाहिलं, ते छावणीतलंच तोंड होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडं कडी वाजली. लाडलेसाब स्वतःच बाहेर आला. काय त्या म्हाताऱ्याची छाती! हातात कापसाच्या गादीत गुंडाळलेलं काहीतरी, आणि लुंगीला धरून जैनबी. पोरांच्या कुऱ्हाडींमधून वाट काढत तो तिमाबापुढं आला आणि गुंडाळी सोडली.

"लो तिमाभाई, अपनी अमानत. पहिल्या पावसालाच काढली झाडावरनं. पर तवर भिजली व्हती, मागनं तार गंजून तुटली. दुसरी कुठनं आणू? मग धनुकलीची तात लावली."

"मग धनुकली?" तिमाबानं विचारलं. छावणीनंतर त्यानं कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"हाय की, बिनतातीची. कापूस पिंजायला गावात व्हतंच कोण?"

जैनबी इकडंतिकडं बघत होती. मग सुवार्ताचा पदर ओढून तिनं विचारलं, "काकी, इस्तू कुठाय?"

 सुवार्तानं पोरीला उचलून उराशी धरलं आणि तिला रडू कोसळलं, हंबरडाच फुटला तिला.

तिमाबा खाली बसला. एकतारी मांडीवर घेतली, तात छेडली. बापाच्या तारेचा तो टणत्कार नव्हता. जाड, खर्जातला, घोगरा सूर होता. पण सूर होता. त्यानं डोळे मिटले आणि नदीकाठच्या बंदिवानांचं स्तोत्र धरलं. तोच गळा! सुवार्ताच्या अंगावर काटा आला, आणि त्याच काट्याबरोबर भीतीही आली, कारण शेवट तिला ठाऊक होता. वीणा टांगून झाल्या. घरची आठवण झाली. बब्रुवाननं कुऱ्हाड खांद्यावरून हातात घेतली.

आणि तिमाबा थांबला. डोळे उघडले. जैनबी सुवार्ताच्या खांद्यावर मान टाकून त्याच्याकडंच बघत होती. त्याचे ओठ हलले, मिटले. तो नुसतीच तात छेडत राहिला, शब्दांवाचून, अख्ख्या कडव्याइतकं.

"बाबा, पुढचं?" बब्रुवान म्हणाला. "छावणीत तर म्हणत व्हता."

"छावणीत म्हणत व्हतो. माझी इस्तू गेली व्हती." तिमाबानं तातेवर हात ठेवला. "आता घरी आलोय. आपल्या गावात ह्ये स्तोत्र हितंच संपतं, बब्रुवाना."

बब्रुवान मटकन खाली बसला आणि आपल्या जळालेल्या बैलांची नावं घेऊन लहान पोरासारखा रडायला लागला. बसप्पानं त्याच्या हातातली कुऱ्हाड हळूच काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिमाबा उमरग्याला जाऊन धनुकलीला नवी तात घेऊन आला. लाडलेसाब म्हणाला, माझी जुनी दे की. तिमाबा म्हणाला, ती आता गादीच्या कामाची राहिली नाही.

पुढं कितीतरी वर्षं ते स्तोत्र आलं की शेवटच्या कडव्याच्या जागी नुसती एकतारी वाजायची. नवे पाळक पुस्तकावर बोट ठेवून म्हणायचे, "तिमाबा, एक कडवं राहिलं." ज्याला एक अक्षर गाळलेलं खपायचं नाही, तो म्हणायचा, "राहू द्या, साहेब." तेवढ्या वेळात सुवार्ता मनातल्या मनात इस्तूला मांडीवर घेऊन बसायची. आणि त्या पहिल्या वर्षांत भिंतीपलीकडं जैनबी कापसाच्या ढिगात उडी मारून खिदळली, की तिमाबा ती तात आणखी थोडा वेळ छेडत राहायचा.