काकूंच्या मनात तसलं काही नाही

काकूंच्या मनात पलीकडच्या लोकांबद्दल काही म्हणजे काही नव्हतं, आणि हे आता काकू एकट्याच म्हणत नव्हत्या. विद्यापीठ म्हणत होतं. धुलाई कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत, हात धुवायच्या नळाशेजारी, त्यांचा फोटो लागला होता. चादरीचं एक टोक धरून काकू उभ्या, दुसरं टोक धरून त्यांची जोडीदारीण, आणि खाली ठळक अक्षरांत ‘एकत्र काम, मोकळं मन’. जोडीदारीण तोंडभर हसत होती. काकू हसत नव्हत्या, कारण हसलं की त्यांचा किडका दात दिसतो.

पलीकडचे म्हणजे पुलापलीकडचे. पुलाच्या अलीकडे राहणाऱ्यांना त्यांच्याबद्दल सगळं ठाऊक असतं, त्यासाठी पूल ओलांडायची गरज पडत नाही. ते काम अर्धवट टाकून जातात, त्यांचं लक्ष नसतं, सांगावं एक तर करतात भलतंच, आणि एकाला आत घेतलं की पाठोपाठ दहा येतात. निवडणूक जवळ आली की हेच बोलणं जरा गोड करून खांबाखांबावर लागतं. काकूही परवापरवापर्यंत हेच म्हणायच्या, आणि फार रंगवून म्हणायच्या. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बाकीच्या बाया जेवायचं विसरून ऐकत बसायच्या.

मग विद्यापीठातून एक तरुण बाई आली. बायांनी तिचं नाव पहिल्याच दिवशी ‘प्रश्नवाली’ ठेवून टाकलं. वेगवेगळ्या वस्तीतल्या माणसांना जोडीनं कामाला लावलं तर एकमेकांबद्दलची अढी कमी होते का, हे तिला तपासायचं होतं. मालकांना त्यात काही पदरचं घालावं लागणार नव्हतं, वर पेपरात नाव यायची आशा होती. त्यामुळे अढी कमी करायला मालक एका पायावर तयार झाले.

काकू इस्त्री विभागाच्या मुकादम. इस्पितळांच्या चादरी धुऊन आल्या की तापलेल्या अजस्र रोलरखालून जायच्या, आणि बाहेर पडल्या की दोघींनी चार टोकं धरून त्यांच्या घड्या घालायच्या. रोलरचा आवाज असा की शेजारचीनं कानाशी येऊन ओरडलं तरी कळू नये. म्हणून इथे सगळं हाताच्या खुणांवर चाले. तळवा उभा धरला की थांब, तळवा खाली दाबला की आच बंद कर, दोन बोटं वर केली की पुढचा गठ्ठा आण. तोंडाला काम फक्त जेवणाच्या सुट्टीत, आणि तेव्हा बाया दिवसभराची कसर भरून काढत.

प्रश्नवालीनं काकूंच्या गळ्यात एक पलीकडची बांधली. पहिल्या दिवशी काकू घरी आल्या त्या नवऱ्यावर तोंडसुख घेतच. “अहो, आता माझी अब्रू त्या बाईच्या हातात! चादर धरायला सांगितली तर बाई पडदा समजून टांगून ठेवेल.”

“मग तू शिकव,” नवरा म्हणाला. तो सेवानिवृत्त झाल्यापासून सगळ्याला एवढंच म्हणायचा.

शिकवायची वेळच आली नाही. पलीकडची कामाला चोख निघाली. आठवडाभरात दोघींचे हात असे जुळले की खुणेचीही गरज पडेना. काकूंचा उजवा खांदा धरतो हे तिनं न सांगता ओळखलं आणि उंच धरायचं टोक ती आपल्याकडे घ्यायला लागली. काकूंवर अन्याय करून चालायचं नाही: त्यांचा तिच्यावर खरंच जीव जडला. डब्यातलं तिला दिल्याशिवाय त्यांना घास जाईना. एकदा तिला घरी नेऊन चहा पाजला, आपल्या मुलीचा जुना स्वेटर तिच्या मुलीसाठी दिला, आणि कौतुकानं म्हणाल्या, “तू त्यांच्यातली वाटतच नाहीस गं!”

पलीकडची हसली. हसायला तिला जरा वेळ लागला, पण हसली.

ती अजून तात्पुरती होती. कारखान्यामागच्या खोल्या फक्त कायम झालेल्यांना मिळत, आणि तिची सहा वर्षांची मुलगी दूर गावी आजीजवळ होती. कायम झाली की खोली, खोली मिळाली की मुलगी. दिवसभर तिच्या डोक्यात दुसरं काही नसायचं. काकूंनी मालकांकडे तिच्यासाठी शब्द टाकला होता आणि मालकांनी “पुढच्या महिन्यात करू” म्हणून मान हलवली होती. पलीकडचीनं खिडकीला लावायचा पडदासुद्धा शिवून ठेवला.

त्याच सुमारास प्रश्नवालीनं प्रश्न विचारले. पलीकडचे शेजारी म्हणून चालतील का? चालतील. वरिष्ठ म्हणून? का नाही? सून म्हणून? काकूंना मुलगाच नव्हता, त्यामुळे तिथे तर त्यांनी फारच उदार मनानं “आनंदानं” असं सांगितलं. सगळ्या कारखान्यात काकूंचं मन सर्वांत मोकळं निघालं. प्रश्नवालीनं टाळ्या वाजवल्या, मालकांनी फोटो लावला. काकू नळावर हात धुवायला आता दिवसातून जरा जास्त वेळा जायला लागल्या.

आणि मग तो सकाळचा प्रकार झाला.

बाकीच्या बाया अजून यायच्या होत्या, आणि पलीकडचीला त्यांनी दोन बोटं दाखवून गठ्ठा आणायला पाठवलं होतं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. बहिणीचं विहिणीशी वाजलं होतं आणि कोण काय बोललं ते शब्दाशब्दानं ऐकायचं होतं. रोलरच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून काकूंनी रोलर थांबवला आणि कॉरिडॉरमध्ये गेल्या. रोलर थांबवायच्या आधी आच बंद करायची, हा नियम नव्या बायांना त्यांनीच कान पिळून शिकवलेला. पण विहीण असं काही बोलली होती की नियम कुणाला आठवावा!

त्या परत आल्या तेव्हा धुरानं विभाग भरला होता. चादरी काळ्या ठिक्कर, रोलरवरची जाड गादी जळून गेलेली. पलीकडची गठ्ठा टाकून धावली होती. तिनंच आच बंद केली, हातानंच जळत्या चादरी ओढून काढल्या. तिच्या तळव्याची सालं निघाली होती आणि ती नळाखाली हात धरून उभी होती.

मालक खाली आले. रोलर किती दिवस बंद राहणार, इस्पितळ आता दुसरीकडे जाणार, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “मशीनवर कोण होतं?” त्यांनी विचारलं.

काकूंनी तोंड उघडलं, ते खरं सांगायलाच. तसं त्या पुढे स्वतःला नेहमी सांगत आल्या. पण निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले, आयुष्यात कुणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि आता सगळ्या बायांसमोर या वयात मान खाली घालायची? तोंडातून निघालं ते असं: “मी जाताना हिला खूण केली होती, आच बंद कर म्हणून.”

मालकांनी एकदा पलीकडचीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

“दुसरी कुणी असती तर मी दहादा विचार केला असता,” ते म्हणाले. “म्हटलं असतं, पलीकडची आहे म्हणून खापर फोडतात. पण काकू, तुम्ही हिच्याबद्दल उगाच बोलणार नाही. ते तर सिद्धच झालंय.”

पलीकडची काकूंकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर काकूंना बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती आठवायचा प्रयत्न करत होती.

“केली होती का काकू खूण? मला दिसली नाही.”

“केली होती गं. तू जाताना वळून बघितलंस तेव्हा.”

तिनं पुन्हा आठवून पाहिलं. काकू खोटं बोलतील हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. इतके दिवस एकमेकींच्या हाताकडे बघून काम केलेलं. आईनंतर तिचा कुणावर इतका विश्वास बसला नव्हता. प्रश्नवालीचा प्रयोग कुठे खरोखर यशस्वी झाला असेल तर तो इथे.

“मग माझंच लक्ष नसणार,” ती म्हणाली.

काकूंचा जीव भांड्यात पडला. तिला त्याच दिवशी काढलं. काकूंनी तिला फाटकापर्यंत पोचवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि “मालक पोलिसात देणार होते, मी हातापाया पडून थांबवलं” असंही सांगितलं. पोलिसांचं नाव कुणी काढलं नव्हतं. ते कसं सुचलं हे काकूंनाही सांगता आलं नसतं, पण सुचल्यावर फार बरं वाटलं.

प्रश्नवाली शेवटचे प्रश्न विचारायला आली ती पडल्या चेहऱ्यानं. घाबरतच तिनं विचारलं, “या प्रकारानंतर तुमचं मत बदललं असेल ना?”

“छे हो!” काकू म्हणाल्या. “एकीच्या चुकीसाठी सगळ्यांना कशाला नावं ठेवायची? मी तसं मानणारी नाही.”

प्रश्नवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं समंजस उत्तर आपल्याला आजवर कुणी दिलं नव्हतं, असं ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी पलीकडची काकूंच्या दारात उभी राहिली. तळव्याला पट्टी, अंगात ठेवणीतला ड्रेस. बाजारामागच्या एका धुलाई कारखान्यात बाई हवी होती, कायम, आणि राहायला खोलीही. तिथल्या मॅनेजरना तिनं काकूंचा नंबर दिला होता.

“आज फोन करतो म्हणाले. तुम्ही एक शब्द टाकलात तर होईल काकू. मुलगी रोज विचारते, कधी नेणार म्हणून.”

“अगं, एक काय, दहा टाकीन,” काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात तसंच होतं. त्यांनी तिला बसवलं, पंखा लावला, चहा टाकला. चहा उकळतोय तोवर फोन वाजला. काकू तो स्वयंपाकघरात घेऊन आल्या आणि दार लोटून घेतलं. नवरा तिथेच भाजी निवडत बसला होता. त्या सकाळी काय झालं ते त्यांनी एकट्या त्यालाच सांगितलं होतं.

“हो, हो, माझ्याच हाताखाली होती,” काकू फोनवर म्हणाल्या. “कामाला वाघीण आहे. हात म्हणाल तर सोन्याचे.”

“इतकी चांगली होती तर काढली का?” मॅनेजरनं विचारलं.

नवऱ्यानं भाजीतून मान वर केली.

चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. हा मॅनेजर काकूंना ओळखत नव्हता, त्यांचं काही वाकडं करू शकत नव्हता. पण त्याचे मालक आमच्या मालकांना भेटत असतील तर? बोलण्यात बोलणं निघालं तर? काकूंनी गॅस बारीक केला.

“नाही, तसं काही नाही,” त्या आवाज उतरवून म्हणाल्या. “मी काही पलीकडच्यांबद्दल वाईट मानणारी बाई नाही, हां. आमच्यावर तर विद्यापीठानं अभ्यास केलाय. पण...”

मॅनेजर थांबला. या ‘पण’साठीच तर त्यानं फोन केला होता.

“पण काय असतं, त्यांचं लक्ष नसतं हो. मशीनजवळ नका ठेवू, एवढंच सांगते.”

“आमच्याकडे सगळं मशीनचंच काम,” तो म्हणाला. “बरं झालं काकू, तुम्ही स्पष्ट सांगितलंत. हल्ली कुणी बोलत नाही.” आणि त्यानं फोन ठेवला.

नवऱ्यानं काकूंकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं हे त्याला कळत होतं. मग तो पुन्हा भाजी निवडायला लागला.

काकू चहाचे कप घेऊन बाहेर गेल्या. पलीकडची खुर्चीच्या कडेवर बसली होती.

“जागा भरली म्हणाले गं. कालच.”

पलीकडचीनं कप घेतला. मग काकूंचाच चेहरा उतरलेला पाहून तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तुम्ही नका वाईट वाटून घेऊ काकू. तुम्ही बोललात हेच खूप. आमच्यासाठी कोण बोलतं? आणि खरं सांगू, मलाच धास्ती वाटत होती. पुन्हा असंच लक्ष दुसरीकडे गेलं असतं माझं, तर?”

“आता मुलीचं काय?”

“राहील तिथेच. अजून एकदोन वर्षं.” तिनं चहाचा घोट घेतला. “पण तिला मी आत्तापासून बजावून ठेवणार आहे. आपल्या लोकांचं लक्ष नसतं, म्हणावं. लोक म्हणतात ते काही उगाच म्हणत नाहीत. तू तरी नीट राहा.”

काकूंनी मान डोलावली.

“सांग हो, सांग,” त्या मायेनं म्हणाल्या. “लहानपणीच सांगितलेलं बरं असतं.”