तिसरी वाटी

"डोळे मिटून नाव घेत राहा. आणि घरी गेल्यावर कुणापाशी बोलायचं नाही." दवाखान्यातला सासूबाईंचा हा आवाज चाळीस वर्षं झाली तरी कानातून जात नाही. ह्यांची विमा कंपनीतली बदली नुकतीच इथे जयपूरला झाली होती. दोन मुलं होती, तिसऱ्याची चाहूल लागलेली. हे म्हणाले, "देशात माणसं फार झालीत. शिकलेल्यांनी तरी भर घालू नये." मला कुणी विचारलं नाही. मी डोळे मिटले.

तेव्हापासून रोज बाळकृष्णापुढे मी दुधाच्या तीन वाट्या ठेवते. हे समजतात, माझ्या अनेक नेमांतला एक.

परवा सकाळी चहाला तोच विषय निघाला, फक्त उलटा. सुनेला, ज्ञानदाला, सातवा आठवडा आहे.

"पाडायचं कशाला?" हे म्हणाले. "देश म्हातारा होत चाललाय. उद्या काम कोण करणार, पेन्शन कोण भरणार?"

"तुमच्या पेन्शनसाठी आम्ही पोरं काढायची का बाबा?" आमचा अनिमेष हसला. "एका उत्कर्षाच्या शाळेनंच कंबर मोडलीय. दुसरं परवडत नाही. कायद्यानं सोय आहे. विषय संपला."

ज्ञानदा पोळ्यांना तूप लावत होती. दोघांपैकी एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी ती देवघरात येऊन बसली. "आई, मतलब, पैशाचं नाही हो माझं. उत्कर्षाच्या वेळचं आठवतं ना?"

न आठवून कसं चालेल? बाळंतपणानंतर सहा महिने ती गॅलरीत गेली की मी तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून मागे उभी राहायचे. "खालून कुणी बोलावतंय असं होतं," म्हणायची. आमचा पाचवा मजला.

"डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. ठेवायचं असेल तर औषधं आहेत, सांभाळून घेऊ, म्हणाल्या. पण मला पुन्हा नाही जमणार. सही माझी एकटीची पुरते. गुरुवारी सोडाल्याला, त्यांच्या दवाखान्यात जायचंय." ती वाट्यांकडे बघत होती. "तुम्हाला पाप वाटत असेल."

"वाटतं गं." देवासमोर खोटं बोलवेना. मग तिसरी वाटी कुणाची, तेही सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "मी येईन तुझ्याबरोबर. दारात पोचून तुझं मन फिरलं, तरी तुझ्याबरोबरच परत येईन."

संध्याकाळी ह्यांच्यापुढे उभी राहिले. "तेव्हा माणसं फार होती, आता कमी पडतात. दोन्ही वेळा तुम्हीच कसं हो ठरवलंत?"

"तो काळ वेगळा होता," हे म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आज गुरुवार, दत्ताचा वार. फुलवात दोनदा विझली. देव रागावेल याची भीती आहे. पोरीला काही होईल याची भीती आहे. आणि त्या गॅलरीची तर सगळ्यांत जास्त.

खालून तिचा फोन आला, "आई, रिक्षावाले भैया थांबलेत."

मी पोथी मिटली, पाण्याची बाटली पिशवीत टाकली. हे पेपरात तोंड घालून बसले होते, वर पाहिलं नाही. मी चपला पायात सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.