छत्रीतून पडलेले कार्ड

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. पत्त्यांतले नव्हे आणि वाढदिवसाचेही नव्हे. शब्दकोशाच्या कचेरीतले जाड कागदाचे साधे कार्ड. माझ्या एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे आणि तो मला शोभतो, असे माझे मत आहे. माझ्या अंगावर एक इंग्रजी शब्द लिहिला आहे : हॅपनस्टन्स. दचकू नका, तो चावत नाही.

हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. घडणे आणि परिस्थिती अशा अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून तो तयार झाला. कोणीही न ठरवता, सहज घडून आलेली गोष्ट म्हणजे हॅपनस्टन्स. वरच्या खणात कोइन्सिडन्सचे कार्ड असते, त्याचा तोरा काय विचारता! त्याला दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. दोन मैत्रिणी सारखाच झगा घालून एकाच समारंभाला आल्या की त्याचे काम झाले. मला एकच गोष्ट पुरते. फक्त ती कोणी घडवून आणलेली नसावी.

मला लिहिले भाऊंनी, नोकरीच्या पहिल्या दिवशी. डागही त्यांचाच. त्यामुळे त्यांचा माझ्यावर भारी जीव. कचेरीच्या प्रमुख होत्या बाई. त्यांचा नियम कडक होता. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर कचेरीतल्या कोणाच्या तरी बाबतीत खरोखर घडलेले उदाहरण हवे. खुर्चीत बसून रचलेले चालणार नाही. माझी पाठ वर्षानुवर्षे कोरीच राहिली.

मग शब्दकोशाची छोटी आवृत्ती निघायची ठरली. कोऱ्या पाठीची कार्डे रद्दीत जाणार होती. मला घाम फुटला, आणि भाऊंना माझ्याहून जास्त.

भाऊंनी काय करावे? बाईंच्याच बाबतीत एक उदाहरण घडवायला त्यांनी मेहुण्याला कामाला लावले! बाई संध्याकाळी फिरायला निघाल्या की त्याने समोरून यायचे, संत्र्यांची पिशवी सांडायची आणि ओळख झाल्यावर म्हणायचे, ‘‘अहो, तुम्ही भाऊंच्या कचेरीतल्या? काय योगायोग!’’ मेहुण्याने बाईंना कधी पाहिले नव्हते. त्याने आधी एका परिचारिकेपुढे संत्री सांडली, मग एका वकीलबाईंपुढे. बाई समोर आल्या तेव्हा पिशवीत एकच संत्रे उरले होते आणि मेहुण्याचे अवसान पार गळाले होते. तो म्हणाला, ‘‘बाई, मला भाऊंनी... म्हणजे कोणीच पाठवलेलं नाही! मी त्यांचा मेहुणाही नाही!’’

दुसऱ्या दिवशी बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, ‘‘भाऊ, तुमचे मेहुणे बरे आहेत ना? फार संत्री सांडतात त्यांची.’’

भाऊंचा चेहरा पडला. ‘‘बाई, पण शब्द चांगला आहे हो.’’

‘‘चांगलाच आहे. म्हणून तर त्याची अशी थट्टा मला चालायची नाही. ठरवून आणलेली गोष्ट त्यात बसते का? संध्याकाळपर्यंत खरं उदाहरण आणा, नाहीतर कार्ड रद्दीत.’’

त्या दिवशी कचेरीत काही म्हणजे काही घडले नाही. साधी दौतसुद्धा कलंडली नाही. भाऊ माझ्याकडे न पाहताच घरी गेले. मला फार वाईट वाटले.

बाई एकट्याच उरल्या. नको असलेले कार्ड मागे न पाहता खांद्यावरून टोपलीत भिरकावायची त्यांना सवय होती. त्यांनी मला भिरकावले. टोपलीजवळच्या खुंटीला त्यांची छत्री लटकत होती. मी गेलो तो थेट तिच्या घड्यांत! बाईंनी दाराला कुलूप लावले आणि मला काखोटीला मारून निघाल्या. त्यांना काय कल्पना!

बसथांब्याजवळ पावसाची सर आली. बाईंनी छत्री उघडली आणि मी त्यांच्या अंबाड्यावर आदळून नाकावरून घसरत पायाशी पडलो. मला पाहताच त्या ओरडल्या, ‘‘भाऊ!’’ थांब्यावरची सगळी माणसे वळली.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हाच सांगितले असते, की या वेळी भाऊंचा काही हात नाही! पण बाई थबकल्या. भाऊ तर आधीच गेले होते. आपणच फेकले, आपणच कुलूप लावले. आणि भर रस्त्यात बाई खळखळून हसल्या. तोवर त्यांचे दात कोणी पाहिले नव्हते.

सकाळी त्यांनी माझ्या पाठीवर सगळी हकीकत लिहिली आणि मला भाऊंच्या हाती दिले. वाचता वाचता भाऊंचे डोळे भरून आले. मग एकदम दचकून ते म्हणाले, ‘‘बाई, शपथ घेतो, मी छत्रीत काही ठेवलं नव्हतं!’’

‘‘माहीत आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही ठेवलं असतं, तर दुसऱ्याच कोणाच्या तरी छत्रीत ठेवलं असतं.’’

तेव्हा मित्रांनो, एवढीच विनंती. शब्द जुना झाला, वापरात नाही, म्हणून न बघता भिरकावू नका. कधीतरी आपणहून काही घडले तर माझी आठवण काढा. संत्री मात्र घरी बसून खा.