बारावी खुर्ची

चष्मेवाल्याच्या बायकोला चर्चच्या मंडळीनं अध्यक्ष निवडलं, त्या दिवशी तिनं जेवताना घरात तसं सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, "हं." मग म्हणाला, भाजीत मीठ कमी आहे. मीठ खरंच कमी होतं, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही.

त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात तिनं प्रार्थनामंदिराचं गळकं छप्पर बदलून घेतलं, गायकवृंदातल्या दोन तटांना एका बाकावर बसवलं आणि पाळकसाहेबांचं प्रवचन पंचवीस मिनिटांवर आणलं, ज्याला काही लोक अजून चमत्कार मानतात. बाहेर तिचा शब्द झेलायला शंभर माणसं. घरात मात्र, "अगं, माझे मोजे!" गावभराला नीट दिसावं म्हणून दिवसभर काचा घासणारा हा माणूस बायकोकडे बघायचा तो पेपराच्या वरून, आणि तेही चहाला उशीर झाला तर. उपासनेला तो मोठ्या सणालाच यायचा, दारापाशी बसायचा आणि शेवटच्या गीताला पसार व्हायचा.

त्यानं एकदा मान वर करून विचारावं, "आज काय काय केलंस?" एवढंच तिचं मागणं. तीन वर्षं ती ख्रिस्ती सहनशीलतेनं थांबली. चौथ्या वर्षी सहनशीलता संपली, ख्रिस्तीपण तेवढं उरलं. त्यात काय बसवता येईल, याचा ती विचार करू लागली.

मंडळीची एक रीत होती. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी बाराजणांना पुढे खुर्च्यांवर बसवायचं आणि येशूनं बारा शिष्यांचे धुतले तसे अध्यक्षानं गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायचे. पुढारी म्हणजे चाकर, हे वर्षातून एकदा तरी सगळ्यांना दिसावं म्हणून. ज्यांचे पाय धुतले जातील त्यांनी मग वर्षभर दर रविवारी चहाच्या कपबश्या विसळायच्या. तसं खुर्चीसाठी भरायच्या अर्जावर छापलेलं होतं. खाली.

"अहो, पाय धुण्याच्या उपासनेत एक खुर्ची रिकामी आहे," ती नाश्त्याला अर्ज पुढे सरकवत म्हणाली. "अगदी पुढे. सगळी मंडळी बघेल."

"पुढे? दुकानाच्या दृष्टीनं बरंच आहे." त्यानं न वाचता सही ठोकली. ती समोर ठेवेल त्यावर सही करायची, ही वीस वर्षांची सवय. "पाय धुतं कोण?"

"अध्यक्ष."

"ओळख आहे का तुझी त्यांच्याशी? सांगून ठेव जरा, उजव्या तळव्याला मला फार गुदगुल्या होतात."

"सांगते की."

गुरुवारी तिनं घंटा वाजवणाऱ्या काकांना बाजूला घेतलं. "अकराजणांना कोमट पाणी."

"आणि बाराव्याला, अध्यक्षबाई?"

"सरबतासाठी आणलेला बर्फ उरलाय ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग छपराकडे, जणू परवानगी तिथूनच यायची होती. आणि बर्फ आणायला गेले.

चष्मेवाला नखं कापून, अत्तर लावून बसला होता. कमरेला टॉवेल गुंडाळून ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

"अगं, तू काय मध्येच? सरक, अध्यक्ष येतील!"

दुकानात बोलून बोलून त्याचा आवाज मोठा झालेला. तो शेवटच्या बाकापर्यंत पोचला. गायकवृंदाचे दोन्ही तट एकदम खोकले. इतकी एकी त्यांनी गाताना कधी दाखवली नव्हती.

"अध्यक्ष आलेत. पाय पुढे करा, अहो," ती म्हणाली आणि त्याचा उजवा पाय बर्फाच्या पाण्यात बुडवला.

तिनं सावकाश धुतला. प्रत्येक बोट वेगळं. तळवा दोनदा. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. इतका भारावलेला माणूस आपण पाहिला नाही, असं पाळकसाहेब नंतर सगळ्यांना सांगत होते.

"कधीपासून?" तो दात आवळून पुटपुटला. पहिल्यांदाच तो थेट तिच्याकडे बघत होता.

"तीन वर्षं."

"सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं. मीठ कमी होतं त्या दिवशी," ती म्हणाली आणि डावा पाय मागितला.

रविवारी उपासनेनंतर तो मोरीपाशी उभा होता, बाह्या दुमडून, कोपरापर्यंत फेस. शेजारच्या खुर्चीवर ती कमिटीचं इतिवृत्त वाचत बसली होती.

"अगं, बघ ना. हा कप निघाला का नीट?"

"हं," ती म्हणाली.

हातातला कप ठिबकत होता आणि तो तसाच वाट बघत उभा राहिला. तिनं पान उलटलं. अजून एक्कावन्न रविवार होते.