खजुराची चार लग्नं

माझे सासरे, बदरुद्दीन अब्बा, रत्नागिरीहून आमच्याकडे ओमानमध्ये बरक्याला आले आणि बाराव्या दिवशी म्हणाले, "शकीला, गुरुवारचं तिकीट कर गो. मला इथं करमत नाय."

असा राग आला मला! सासू गेल्यापासून वर्षभर फोनवर विनवण्या केल्या होत्या मी. तिकडे रिकाम्या घरात एकटे जेवायचे, कधी जेवायचेही नाहीत. पण त्यांचंही खरं होतं. जन्मभर माडांवर चढलेला माणूस आमच्या दोन खोल्यांत एसीखाली बसून करणार काय?

म्हणून शुक्रवारी जुम्म्यानंतर मी नवऱ्याला म्हटलं, "सिराज, काढ गाडी." बरक्याबाहेर एका जुन्या सरदाराचं बुरुजांचं घर आहे. ते बागेसकट लोकांना बघायला खुलं केलंय. झाडं बघून तरी म्हातारा रमेल, एवढाच माझा डाव. सत्त्याण्णव सालचा मार्च होता, हवाही बरी होती.

बागेत पाय ठेवला आणि अब्बांची मान ताठ झाली. पाटाचं पाणी बघितलं, माती चिमटीत घेऊन चोळली. चला, जमलं, म्हटलं. त्यांना खाली सोडून आम्ही दोघं रोलमधले उरलेले फोटो काढायला बुरुजावर गेलो. तेवढंच चुकलं.

खाली येतो तर अब्बा बुटक्या खजुरांच्या रांगेत, बाह्या सरसावून उभे. झाडांच्या कोवळ्या तुऱ्यांत कुणीतरी सुकत आलेल्या काड्या खोचून वर पातीने बांधल्या होत्या. अब्बांनी चार झाडांच्या गाठी सोडून सगळ्या काड्या उपसल्या होत्या. पायाशी हा ढीग!

"बघ गो, किती केर अडकला होता," ते खुशीत म्हणाले. "माडाच्या फुलांची पोय कोण अशी आवळतं काय?"

तेवढ्यात बागेचा म्हातारा राखणदार खल्फान डोक्याला हात लावून धावत आला. "या शेख, ये क्या किया!" मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने समजावलं. खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळी. नराच्या फुलांच्या काड्या मादीच्या तुऱ्यात हाताने बांधाव्या लागतात, तेव्हा फळ धरतं. "मैंने कल शादी किया. तुमने चार तलाक दे दिया!"

सिराज फिसकन हसला. मी त्याला कोपर मारलं, कारण अब्बांचा चेहरा एवढासा झाला होता. गावात लोक यांना विचारून रोप लावतात हो!

"गुरुवार कशाला?" ते मला हळूच म्हणाले. "उद्याचंच तिकीट बघ."

झालं! माझ्याच हाताने घालवलं मी. तिथेच, सगळ्यांसमोर, मला रडू कोसळलं.

खल्फानने माझ्याकडे बघितलं, अब्बांकडे बघितलं. मग आत जाऊन नव्या काड्यांची जुडी आणली आणि अब्बांच्या हातात ठेवली. "यल्ला, चलो. तुमने तोडा, तुम बांधो."

अब्बांनी बांधल्या. पहिल्या झाडाला प्रत्येक काडी खल्फानला विचारून. चौथ्याला तर खल्फानलाच गाठ कशी मारायची ते शिकवत होते.

"फल पकडा के नहीं, कब मालूम पडेगा?" त्यांनी विचारलं.

"एक महिना. इन्शाल्ला."

परतताना गाडीत, घर जवळ आलं तसे अब्बा खाकरले.

"शकीला, ते तिकीट राहू दे. चार घरं मोडून असा निघून जाऊ काय मी?"

मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. "बरं," म्हटलं, "पण जेवायचं वेळेवर."