हिरूचं तिकीट

जेवायला बोलवायचं आणि मग पाटाचे वेगळे, पाण्याचे वेगळे, मिठाचे वेगळे पैसे मागायचे, असं आपल्याकडे कुणी केलं तर गाव त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. स्वस्तातली विमानं नेमकं हेच करतात आणि लोक हौसेने रांगा लावतात. नंदाकाकूंना ही गंमत शिळफाट्यावरच्या साईनाथने समजावली. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि कुणाचाही कसलाही फॉर्म असो, तो त्याच्याकडेच भरला जायचा.

"काकू, तिकीट म्हंजे निस्तं दारातून आत. पुडचं समदं इकत. पिशवी सात किलोच्या वर गेली की पैसं. खिडकी पायजे, पैसं. आन् पास हितनं काडून नाय नेला, तर तितं काडायचं बी पैसं."

"बसू तरी देतात ना फुकट?"

"देतात. पन कुटं ते तेच ठरवनार."

नंदाकाकू हसल्या. कुठे का बसवेनात, त्यांना पोचायचं होतं. थोरला भाऊ दत्ता गुवाहाटीला होता. तरुणपणी कारखान्याच्या कामावर तिकडे गेला, तिकडचीच बायको केली आणि तिकडचाच झाला. आता बायको राहिली नव्हती आणि त्याच्या छातीचं ऑपरेशन परवा सकाळी ठरलं होतं. "आत न्यायच्या आदी एकदा समोर येऊन बस गं," एवढंच तो फोनवर म्हणाला, आणि लेकीला, हर्षलाला, सांगून उद्याचं तिकीट काढून पाठवलं.

साईनाथने मोबाइलवरचं तिकीट वाचलं. "हिरू धोंडी ठोंबरे. ह्या कोन?"

"मीच की."

गावात बायामाणसांना एक कागदावरचं नाव असतं आणि एक हाकेचं. हे कागदावरचं असणार, असं साईनाथने धरलं. दुकानात पोरांची झुंबड होती. त्याने पटापट बटणं दाबली आणि पास छापून हातात दिला.

प्रकार उलटा होता. हिरू धोंडी ठोंबरे हे माहेरचं नाव, आता कुठल्याच कागदावर नसलेलं. नंदाकाकूंच्या सासूचंही नाव हिरूच होतं, आणि एका घरात दोन हिरू कशा नांदणार? म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, नंदा. तेव्हापासून रेशनकार्डावर नंदा, आधारवर नंदा, गावात नंदाकाकू. नवऱ्याने तेच म्हटलं. तो गेला. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, "जेवलीस ना?" विचारतो आणि ठेवतो. आईबाप जाऊन जमाना झाला. हिरू हे नाव आता जगात एकाच तोंडात उरलं होतं, आणि त्या तोंडाला परवा भूल देणार होते.

आधारवर वेगळं नाव आहे, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं आणि गेलं. बोलून दाखवलं असतं तर साईनाथने ते बदलायला घेतलं असतं. त्यांनी उलट पास पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

"इंग्रजी कळत नाय रं मला. वर मराठीत लिव की."

त्याने निळ्या पेनाने लिहून दिलं. त्या संध्याकाळी नंदाकाकूंनी भात लावला, दिवा लावला आणि तो कागद घेऊन ओटीवर बसल्या. चौथीपर्यंतची शाळा, अक्षरं जोडून जोडून वाचली. शेतावरचे दिवस आठवले. ही शेळ्यांमागे पार डोंगराच्या पायथ्याशी, आणि दत्ता बांधावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "हिरू गंऽऽ!" तिने ओ दिल्याशिवाय तो घराकडे वळायचा नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते नाव एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. आपल्याच आवाजात ते बरं वाटलं नाही. नाव दुसऱ्याने घ्यायचं असतं.

पिशवी वाण्याच्या काट्यावर घातली. दत्ताला कडवे वाल आवडायचे, नवे तांदूळही हवे होते. काटा सातच्या पुढे गेला, तशी तांदळाची पुरचुंडी बाहेर निघाली. मग काकूंनी स्वतःचं एक लुगडंही काढलं, पण वाल ठेवले. लोणच्याच्या तेलाला बंदी आहे, असं वाण्याने सांगितल्यावर बरणी घरीच राहिली. सगळे छुपे नियम शोधून शोधून पाळले होते. विमानवाल्यांनी आता पैसे काढून दाखवावेत, अशा तोऱ्यात त्या सकाळी एसटीत बसल्या.

पनवेलला उतरून रिक्षाने नव्या विमानतळावर गेल्या. तिथे प्रत्येकाला सोडायला कुणीतरी आलेलं होतं, कुणी गळ्यात पडत होतं, कुणी फोटो काढत होतं. नंदाकाकूंनी उगाचच पिशवीला दोन्ही हातांनी धरलं आणि रांगेत उभ्या राहिल्या.

दारावरच्या जवानाने पास बघितला, आधार बघितलं, पुन्हा पास बघितला. "नाम अलग है, माताजी."

"दोनी माजीच हायेत."

त्याने हाताने बाजूचा काउंटर दाखवला. माणूस वाईट नव्हता, मागची रांग मोठी होती.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर रुचिता अशी पाटी होती. तिने "बसा आजी" म्हटलं, पाणीही दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. मग स्क्रीनवर बराच वेळ काहीतरी शोधलं.

"स्पेलिंग चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं. लग्नानंतर आडनाव बदललं, तेही कागद दाखवून होतं. पण इथे नाव, मधलं नाव, आडनाव सगळंच वेगळं आहे. सिस्टिमला ही दुसरीच बाई वाटते."

"दुसरी कशी, बाय? मी हितं बसलीय ना तुज्या समोर."

"मला दिसतंय, आजी. त्याला दिसत नाही." तिने खरोखर ओशाळून सांगितलं की नवं तिकीट काढावं लागेल, जुन्याचे पैसे मिळणार नाहीत, आणि आजच्या विमानाची विक्री बंद झाली आहे. पुढचं विमान उद्या दुपारी. ऑपरेशन उद्या सकाळी.

नंदाकाकूंनी फोन लावला. दत्ताने पहिल्या घंटीलाच उचलला.

"बसलीस का गं इमानात?"

"दादा, हिरू नावाची बाई मी नाय म्हनतात हितं."

"असं कसं? मी सोता नाव सांगितलं हर्षलाला."

"माज्या आधारवर नंदा हाय."

"नंदा," दत्ता हळूच म्हणाला. परक्या घरी चुकून शिरल्यासारखा त्याचा आवाज झाला. "मला ठाव हुतं गं ते. पन मी ते नाव कदी घेतलंच नाय. आमची हिरू हुती, ती त्यांनी ताटात पुसली म्हनून काय मी पुसायची?"

काकूंना रागावता येईना. इतक्या वर्षांत आपल्या बाजूने कुणी एवढं हटून बसलं होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. त्यांचे डोळे भरले.

"मी बी बोलली नाय, दादा. दिसलं हुतं मला. बरं वाटलं वाचायला, म्हनून गप राह्यली."

दत्ताने विचारलं, "वाल आनलं हुतंस?"

"हायेत पिशवीत."

"ठेव जपून. मी बरा झालो की ये." आणि जरा थांबून, "हर्षला बोलावतेय. डाक्टर आलाय." फोन बंद झाला.

काचेपलीकडे विमानाकडे जाणारी माणसं दिसत होती. नंदाकाकू पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. उठून कुठे जायचं ते ठाऊक होतं, एसटी कुठली तेही ठाऊक होतं. तरी त्या उठल्या नाहीत.

तेवढ्यात रुचिताच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली. पास आधीच काढलेला, म्हणून विमानाच्या लेखी एक बाई निघालेली होती, फक्त जागेवर येऊन बसायची राहिली होती. विमानाच्या दारावरचा पोरगा तिला शोधत होता.

"हिरू ठोंबरे... हिरू ठोंबरे कुठे आहेत? शेवटचं बोलावणं. हिरू ठोंबरे..."

अनोळखी आवाज, त्यात वाऱ्याची घरघर. तरी हाक ती हाकच.

"ओ!" हिरूने ओ दिली. बसल्या जागेवरून, डोंगराच्या पायथ्यापासून बांधापर्यंत पोचावी इतकी मोठी. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

रुचिताही बघत राहिली. मग तिने तोंड बाजूला केलं आणि बटण दाबलं.

"हिरू ठोंबरे आलेल्या नाहीत," ती म्हणाली. "दार बंद करा."