आवडाबाईंचं दुसरं रेकॉर्डिंग

आवडाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. दीर कारभारींनी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. पडद्यावर त्या स्वतःच होत्या, डोक्यावर पदर, हातात माइक.

दिवाळीनंतर संभाजीनगरात लेखकांचा महोत्सव झाला होता. 'माध्यमं, साहित्य आणि समाज' या चर्चेत संपादक आप्पासाहेबांनी खेड्यापाड्यांतल्या विधवांना बोलतं केलं. "हे फक्त या सभागृहापुरतं," असं त्यांनी सांगितलं आणि देवगाव रंगारीच्या या भाबड्या बाईंनी ते खरं मानलं. थोरल्या लेकीच्या हळदीला दिरानं आपल्याला चुलीपाशी कसं बसवून ठेवलं, ते त्यांनी नावानिशी सांगितलं. सभागृह रडलं आणि जेवायला गेलं. आप्पासाहेबांनी मात्र रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं आणि ते दोन लाख लोकांनी पाहिलं.

"वैनी, गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली," कारभारी म्हणाले. "तुमच्या धाकट्या रेणुकाचं लगीन तोंडावर आलं. गंगापूरच्या पाव्हण्यांनी बघितलं तर?"

"खोटं काय बोलले मी, भावजी?"

"खरं-खोटं ऱ्हाऊ द्या. दुसरं रेकॉर्डिंग करा. म्हणा, मला कुणी अडवत नाय, मी माझ्या मनानं लांब ऱ्हाते. येवढं करा, रेणुकाला पहिली हळद तुम्हीच लावा. माझा शब्द हाय."

आवडाबाईंनी आप्पासाहेबांना फोन करून ते बोलणं काढून टाकायला विनवलं. "अहो, लई गाजतंय ते! काढायचं कसलं?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. असल्या माणसाला विद्वान म्हणायची लाज वाटते.

शेवटी रेणुकानेच मोबाइल धरला. "आई, बोल की माझ्यासाठी." लेकीला हळद लावायला मिळावी म्हणून आई खोटं बोलली. ते रेकॉर्डिंग कारभारींनी सगळीकडे पाठवलं.

हळदीच्या सकाळी त्या धुतलेलं पातळ नेसून मांडवात आल्या. वाटीत बोटं बुडवणार, तोच जाऊ दगडाबाईने वाटी उचलली.

"भावजी, तुम्ही शब्द दिलता."

कारभारींनी सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग लावलं. 'मी माझ्या मनानं लांब ऱ्हाते.'

"आम्ही कुठं अडवतोय? तुमच्याच तोंडचं हाय, वैनी."

सवाष्णी पदराआड हसल्या.

"रेणुका, तू तरी सांग गं!"

रेणुकाने मान खाली घातली आणि गाल काकूपुढे केला. आवडाबाई उठून चुलीकडे गेल्या. पोटच्या पोरीचा हा घाव त्यांना दिराच्या दगाबाजीहून खोल लागला.

पुढच्या महोत्सवात आप्पासाहेबांनी दोन्ही रेकॉर्डिंगं दाखवली. बाई नेमकं खरं कधी बोलली, यावर तासभर चर्चा रंगली. देवगावला जाऊन तिलाच विचारावं, असं एकालाही वाटलं नाही.

वाचकहो, आप्पासाहेबांना आणि कारभारींना शिव्या घालून मोकळे होऊ नका. तुमच्या घरच्या गेल्या हळदीला आत स्वयंपाकघरात कोण बसलं होतं आणि तिला बाहेर बोलवायला तुमच्यातलं कोण उठलं होतं, तेवढं आठवा.